काड्यापेटीतला नमुना

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आता वयाने तुमच्याहून मोठी झालेय. तरी शौचाचा नमुना द्यायला लाजणारा एखादा म्हातारा लॅबमध्ये समोर आला की माझं डोकं फिरतं. "अहो, गू काय फक्त तुम्हालाच होतो?" असं मी सगळ्यांदेखत विचारते. लोकांना वाटतं, बाई तोंडाळ आहे. असू दे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. घाटकोपरला स्टेशनजवळच्या लॅबमध्ये मी नुकतीच चिकटलेली. भटवाडीची चढण चढताना तुम्ही दोन-दोनदा थांबायला लागलात, ओठ पांढरेफटक. तुमचं एकच पालुपद, "मूळव्याध आसा, दुसरा काय नाय." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, शौचातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय का बघा. आतड्यात गाठ वाढत असली तर कधी कधी आधी तेवढंच कळतं. मी म्हटलं, बाबा, माझ्याच लॅबमध्ये करते. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "चेडवान बापाशीचो गू तपासूचो? मेलंय तरी चलात!" लेकीने बापाचा गू तपासण्यापेक्षा मेलेलं बरं! काय बोललात हे, कळलं तरी होतं का?

चार दिवस आई तुमच्या मागे लागली आणि एका सकाळी तिने माझ्या हातावर काड्यापेटी ठेवली, वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. तेव्हा सगळे असेच आणायचे. मी कसली खूश! लॅबमध्ये कागदावर नमुना पसरते, औषधाचे थेंब टाकते, घड्याळाकडे बघत बसते. रक्त असेल तर निळं होतं. नाही झालं. रिपोर्ट मीच लिहिला, मीच डॉक्टरांना नेऊन दिला. संध्याकाळी "बघ, मी सांगललंय मा!" म्हणत तुम्ही बांगड्याचं तिखलं दोनदा वाढून घेतलंत. आई मान वर न करता वाढत होती.

वर्षभरात पोट फुगलं. मोठ्या हॉस्पिटलात ते उघडलं आणि गाठ सगळीकडे पसरलेली बघून तसंच शिवून टाकलं. तुमचं बारावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई भांडी घासता घासता म्हणाली, "ता काड्यापेटीतला माझा होता गो. तेंनी माका आपली शपथ घातलेली."

शाब्बास, बाबा! चाळीतल्या संडासासमोर डालड्याचा डबा घेऊन रोज शेजाऱ्यांशी गप्पा मारत उभे राहायचात, तेव्हा नाही लाज वाटली. लेकीची वाटली. पास झाले तेव्हा याच लेकीचे पेढे चाळभर वाटलेत ना? मग तिच्या शिक्षणाचा स्वतःसाठी उपयोग करून घेताना कुठे दुखलं तुमचं? त्या शपथेपायी मी आईशी कित्येक वर्षं धड बोलले नाही. ती बिचारी ऐकून घ्यायची, तुम्ही मात्र भिंतीवर हार घालून मोकळे.

हे पाठवणार कुठे, कपाटात ठेवून देईन. पण एक गोष्ट आईलाही कधी सांगितली नाही. गाठ रोज रक्त सोडत नाही, म्हणून डॉक्टरांनी तीन दिवसांचे तीन नमुने मागितले होते. पहिला स्वच्छ निघाला आणि उरलेले दोन मी मागितलेच नाहीत. रिपोर्टवर तिन्ही ठिकाणी 'रक्त नाही' लिहून टाकलं. तुमच्यासमोर पुन्हा तो विषय काढायची मलाच लाज वाटली, बाबा.