पुढचा नंबर उणे सहा

२२ डिसेंबर २०२४, रविवार. बसमध्ये, अमरावतीच्या अलीकडे.

पाचवा नंबर. टीममधली पोरं तोंड उघडं टाकून झोपली आहेत. त्यांना या आकड्याचा अर्थ कळलेला नाही. कळणारही नाही.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. कॉलेजांच्या फॉर्म्युला रेसगाड्यांच्या या सीझनला चार स्पर्धा झाल्या. एका सीटची, उघड्या चाकांची गाडी. बनवतात पोरं. डोकं असतं फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरचं. म्हणजे माझं, प्रा. पूनमसिंग आडे, मेकॅनिकल. यवतमाळात दुसरं कुणी या लायकीचं नाही. आमचे नंबर: अडतिसावा, सत्ताविसावा, एकोणिसावा, पाचवा. याला फॉर्म म्हणतात.

संकल्प: पुढच्या सीझनच्या पहिल्याच स्पर्धेत पहिला नंबर.

२३ डिसेंबर

आलेख काढला. दर स्पर्धेला सरासरी अकरा नंबर वर. पाचातून अकरा गेले की पुढचा नंबर उणे सहा येतो. उणे नंबर देत नाहीत, म्हणून पहिला.

प्राचार्यांना दाखवला. म्हणाले, छान आहे, पण ब्रेक लागत नव्हते म्हणे. प्राचार्य केमिस्ट्रीचे. विषय सोडून दिला.

३१ डिसेंबर

हा सिद्धांत माणसालाही लागू पडतो. मागचे आठ दिवस सलग सकाळी चाललो. पीएचडीची नऊ पानं झाली, या महिन्यात. अकरा वर्षांतला सगळ्यात चांगला महिना. म्हणजे २०२५ मध्ये वजन दहा किलो कमी आणि प्रबंध सादर. वेगळे संकल्प करण्याची गरजच नाही.

बायकोला, बबिताला, समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आठ दिवस चालले तर वर्षभर तसेच चालान असं कोणी सांगतलं तुम्हाले?" नर्सिंगवाल्यांचं हे असं. आजचा ताप आजच्या चार्टवर. ट्रेंड म्हणून काही दिसत नाही.

६ जानेवारी २०२५

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख सुरू केला. 'सीझनचा शेवट हीच पुढच्या सीझनची सुरुवात.' मोठ्या फॉर्म्युला रेसमध्येही हेच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात जी टीम जोरात, तीच पुढल्या वर्षी राजा. मोबाइलवर जुन्या रेसचे हायलाइट्स बघून स्वतः खात्री केली आहे.

स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. दोघं उठून गेले. सिव्हिलचे होते.

१७ जानेवारी

दीपमाला मुनेश्वर केबिनमध्ये आली. थर्ड इयर, टीमची कॅप्टन. बाप वणीला कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवतो, त्यामुळे हिला वाटतं इंजिन आपल्याला कळतं. लेख वाचला म्हणे.

म्हणाली, "सर, कधी लागते हे, कधी नाही लागत. नाणं उडवल्यावानी."

मी सांगितलं, नाण्याला फॉर्म नसतो. गप्प होईल असं वाटलं होतं. झाली नाही. २०१३ मध्ये एका ड्रायव्हरने सीझनच्या शेवटच्या नऊच्या नऊ रेस सलग जिंकल्या. पुढल्या वर्षी नियम बदलले, इंजिनं बदलली, त्याच ड्रायव्हरला एकही रेस जिंकता आली नाही. असं तिचं म्हणणं. घरी येऊन तपासलं. खरं आहे. अपवाद.

मग जाता जाता म्हणाली, "आणि सर, आपला पाचवा नंबर होता तेव्हा पाचच टीम उतरल्या होत्या. त्याच्या आधी एकोणीस होत्या तर आपण एकोणिसावे, सत्तावीस होत्या तर सत्ताविसावे. चारही वेळा आपण शेवटचेच आलो नं."

आकडे वाचायलाही एक दृष्टी लागते. ती विकत मिळत नाही.

१० फेब्रुवारी

चालणं बंद. थंडी. पीएचडी: वार्षिकांकामुळे वेळ नाही. (वार्षिकांक छापून झाला. माझा लेख घेतला नाही. जागा नव्हती. त्याच जागेत गरबा नृत्याचे चार फोटो आहेत.)

२४ फेब्रुवारी

दीपमाला परत. आता पुढच्या सीझनच्या नियमांचं पुस्तक घेऊन. एकशे चाळीस पानं. ड्रायव्हरच्या पायांसाठी आता जास्त जागा हवी. तपासणीत प्लायवूडचा एक ठरावीक साचा त्या जागेतून पेडलपर्यंत सरकला पाहिजे. आपल्या गाडीत सरकणार नाही, फ्रेमच नवीन करावी लागेल, असं तिचं मत. वर्कशॉपचा मेकॅनिक नागोराव तिच्या मागे मान हलवत उभा. आयटीआय. त्याला मान हलवायचेच पैसे मिळतात.

स्पष्ट सांगितलं. फॉर्ममधल्या गाडीला हात लावायचा नाही. नियम ज्यांचा फॉर्म नसतो त्यांच्यासाठी असतात.

ती म्हणाली, "मग मी पोरांना काय सांगू?"

विश्वास ठेवा, असं सांग म्हटलं.

११ मार्च

गाडी वर्कशॉपमधून काढून मेन बिल्डिंगच्या पोर्चमध्ये ठेवली. कॉलेज तपासायला कमिटी येणार आहे. समोर बोर्ड लावला: 'सर्वोत्तम पाचांत.' हार माझ्या खर्चाने. नागोराव विचारत होता, "सर, गाडी कायले बाहेर ठेवून राह्यले? ऊन लागते टायरले." त्याला सांगितलं, फॉर्म असतो तो टायरमध्ये नसतो.

१९ मार्च

कमिटी आली. गाडीपाशी थांबली. एका बाईंनी विचारलं, ही चालते का. मी म्हटलं, गेल्या सीझनमध्ये बघायला हवं होतं तुम्ही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. प्रभावित झाल्या असाव्यात.

२ मे

चव्वेचाळीस डिग्री. पोर्चमधल्या गाडीच्या पुढच्या टायरला भेगा. हार वाळून दोऱ्याला चिकटला. नागोरावने न विचारता ताडपत्री टाकली. काढायला लावली. संध्याकाळी परत टाकलेली.

कॅप्टनबाई सुट्टीत वणीला. नागपूरच्या एका कॉलेजची टीम सुट्टीतही काम करते म्हणे. करोत. त्यांच्याकडे लेझर कटिंग आहे, फॉर्म नाही.

२० मे

वजन केलं. काटा बिघडला आहे. बबिता म्हणाली, हॉस्पिटलमध्ये या, तिथला बरोबर आहे. कायले जाऊ? तिथं तिच्या सगळ्या मैत्रिणी असतात.

८ जुलै

दीपमालाने स्पर्धेच्या रजिस्ट्रेशनचे कागद आणले. सतरा सह्या. मी त्या वेळी पीएचडीच्या गाइडना मुदतवाढीचा मेल लिहीत होतो, नाजूक काम. ती नव्या फ्रेमचं, ड्रॉइंगचं काहीतरी बोलत होती. "सर, एकदा वाचून घ्या नं. नंतर म्हणाल, सांगतलं नाही." असे कागद वाचायला खाली माणसं असतात. हो, हो म्हटलं आणि सतराही केल्या.

५ ऑगस्ट

वर्कशॉपमध्ये पाइप कापायचा आवाज. रविवारी पण येतात म्हणे, नागोराव आणि टीममधली सात-आठ पोरं. सायकल स्टँड बनवत असतील. मागच्या वर्षीचा पावसात गंजला होता. इंजिनीअरिंगची पोरं आणि सायकल स्टँड. देशाचं काय होणार?

विचारलं नाही. खालच्या कामात लक्ष घालायची सवय लागली की माणूस तिथेच राहतो.

३० ऑगस्ट

परवा दीपमालाने फोन केला. ब्रेकचं एक गणित अडलंय, पाच मिनिटं हवीत. जेवत होतो. उद्या ये म्हटलं. काल आली तेव्हा मी सुट्टीवर. आज मी होतो, ती आली नाही. चिकाटी नाही या पिढीत.

१६ सप्टेंबर

गाइडचं उत्तर आलं. मुदतवाढ मिळणार नाही. नियम बदलले आहेत.

(नऊ पानं तशीच आहेत. चांगली आहेत.)

८ ऑक्टोबर, बुधवार. बसमध्ये.

आज सकाळी साडेसातला निघायचं होतं. सीझनची पहिली स्पर्धा, इंदूरजवळ. नवा शर्ट घातला. कॉलेजात पोचलो तर पोर्चमध्ये गाडी ताडपत्रीखाली तशीच, आणि बाहेर टेम्पो भरून तयार. पोरांना झापलं. गाडी कोण चढवणार, तुमचा बाप?

दीपमाला शांतपणे म्हणाली, "सर, गाडी कालच चढवली."

मग ही काय आहे?

"ही मागच्या वर्षीची. नियमात बसत नाही. आपण नवी बनवली. तुम्ही सही केली होती, जुलैमध्ये."

टेम्पोत चढून बघितलं. सायकल स्टँड नव्हता.

मी म्हटलं, फॉर्ममधली गाडी सोडून ही कोणती गाडी घेऊन चाललात, मले विचारलं कोणी? 'मले' कसं निघालं तोंडातून कोण जाणे. वर्गात मी कधी असं बोलत नाही. तिने टेम्पोतून प्लायवूडचा साचा आणला आणि पोर्चमधल्या गाडीच्या नाकात घातला. एक वीत गेला आणि अडकला. मी दाबला. आणखी दोन बोटं गेला आणि मग ना आत ना बाहेर. नागोरावला हातोडी आणावी लागली. तो साचा काढेपर्यंत सगळी पोरं घड्याळ बघत उभी होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, रागावता आलं असतं.

बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो. शेजारी कुणी बसलं नाही. पाय पसरता आले.

१० ऑक्टोबर. इंदूर.

तपासणी. साचा नाकातून पेडलपर्यंत सरळ गेला. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम लॉक झाली. गेल्या वर्षी चारही स्पर्धांत हे कधी झालं नव्हतं. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. ब्रेकच तर लागले. गाडी थांबली म्हणून नाचणारी टीम पहिल्यांदा बघितली.

११ ऑक्टोबर

आज डिझाइन राउंड. तीन परीक्षक, कंपन्यांमधले इंजिनीअर, प्रत्येक टीमला गाडीभोवती उभं करून प्रश्न विचारतात. मी मागे उभा होतो, पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे होत्या.

एकाने विचारलं, ब्रेकचं हे कॅल्क्युलेशन चांगलं आहे, कुणी केलं? मला वाटलं आता नागोरावचं नाव येणार. दीपमाला म्हणाली, "आमच्या आडे सरांच्या नोट्समधून घेतलं. जुन्या बॅचच्या झेरॉक्स मिळाल्या आम्हाला. २०१४ च्या."

परीक्षक वळले. या सर, पुढे या. मी बाटल्या खाली ठेवल्या. त्यांनी एकच विचारलं: गाडीचं वजन ब्रेक मारल्यावर पुढे सरकतं ते धरून पुढच्या-मागच्या चाकांत तुम्ही ब्रेक कसा वाटला? साधा प्रश्न. कागद समोर होता. अक्षर माझं होतं.

मी म्हटलं, ते फॉर्मवर अवलंबून असतं.

मग दीपमालाने सांगितलं. चार वाक्यांत. मध्ये दोनदा "सरांनी असं धरलंय" म्हणाली. परीक्षक माझ्याकडे बघून मान हलवत होते. मी पण हलवली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज बावीस किलोमीटरची शेवटची रेस. गाडी पूर्ण पळाली. एक आरसा सैल झाला तेवढंच. एकूण नंबर चौदावा.

पाचवरून चौदा. आलेखावर सरळ घसरण. बसमध्ये तसं बोललो. नागोराव माझ्या शेजारी येऊन बसला होता, जागा तिथेच होती. म्हणाला, "सर, एक्केचाळीस गाड्या होत्या. सत्तावीस मागं राह्यल्या आपल्या." मग त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. घेतली. ज्वारीची होती. भूक होती.

दुपारी प्राचार्यांचा फोन आला होता. माझ्या फोनवरून दीपमालाचं अभिनंदन केलं. मग मला म्हणाले, आडे सर, पुढल्या वर्षी अ‍ॅडव्हायझरचं बघू. तुम्ही पीएचडीकडे लक्ष द्या. पीएचडीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

रात्री बबिताने फोनवर विचारलं, कितवे आले? चौदावे म्हटलं. म्हणाली, "बरं झालं की." तिला काय कळतं, असं लिहिणार होतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सेकंड इयरचा तास. हजर अकरा. सिलॅबस बाजूला ठेवला आणि ब्रेकचं ते गणित शिकवायला घेतलं. २०१४ ची फाइल मिळाली नाही, आठवणीनेच. फळ्यावर गाडी काढली, वजन दाखवलं, बाण काढले. तिसऱ्या ओळीनंतर अडलो. डस्टरने पुसून परत लिहिलं. परत तिथेच.

पहिल्या बाकावरची पोरगी पेन उचलून वाट बघत होती. सांगितलं, उरलेलं उद्या.

तास संपल्यावर वर्कशॉपमध्ये गेलो. दीपमाला लेक्चरला होती. नागोराव एकटाच होता, स्टुलावर बसून जेवत. मला बघून उठायला लागला. म्हटलं, जेवा, जेवा, घाई नाही. दाराशी लोखंडी पेटी होती, तिच्यावर बसलो. वही आणि पेन सोबत होतं.