रिकाम्या जागेचा क्रमांक

मंगळवार, दिवेलागण

व्हिडिओ पाहून पाहून शिकलो, त्या माझ्या घरगुती प्रोग्राममध्ये आज नातीचं नाव घातलं, लसींची आठवण राहावी म्हणून. थोड्या वेळाने स्पीकरमधून माझाच, पूर्वी भरून ठेवलेला आवाज आला, "कुसुम, गोळी घे वं." पडद्यावर मात्र नातीचा फोटो.

माझी बायको कुसुम, तिला जाऊन वर्ष होत आलं. तिची नोंद आज सकाळीच पुसली, मन घट्ट करून.

सुनेने बाळाला छातीशी धरलं. "बाबा, आईंले काहून बोलावून राहिलं हे डबडं? लेकराच्या नावावर असं नका होऊ देऊ. नाहीतर मी हिले घेऊन माहेरी जातो."

मेमरीतली जागा हाच मी प्रत्येकाचा क्रमांक धरला होता, ती चूक. कुसुमची जागा रिकामी झाली, नात नेमकी तिथेच जाऊन बसली. गोळीची आठवण त्या क्रमांकाला चिकटून राहिलेली. वाडीत खोली सोडून गेलेल्याची पत्रं नव्या भाडेकरूला यावीत, तसं. एवढंच. एवढंच ना?

प्रोग्राम दुरुस्त केला; आता क्रमांक पुढेच सरकतील. एकदा दिलेला परत कुणालाच नाही, कुसुमचाही नाही. पुन्हा चालवून पाहिलं. स्पीकर गप्प.

"झालं बरं, बाबा," सून म्हणाली.

मी मात्र कान देऊन बसलो होतो. कुसुम, गोळी घे वं. आणखी एकदाच. मान वळवली तर नात टक्क जागी, स्पीकरकडे तोंड करून. तीही वाट पाहून राहिली होती.