ही शुक्रवारच्या व्हॅनने गेली

रविवार, ३ एप्रिल

उद्यापासून आपल्या साहस केंद्राचा सीझन. तयारी शंभर टक्के. तीन आठवडे, तीन ग्रुप, वयोगट चौदा ते सतरा. नवीन टाइमटेबल स्वतः टाइप केलं, त्यात भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा घातल्या. नवी शिट्टी आणली. मोठ्या मॅडम या सीझननंतर रिटायर होणार. केंद्रप्रमुखाची खुर्ची आपल्याकडे येणार हे उघड आहे. अकरा वर्षं उपव्यवस्थापक आहे मी. दुसरं आहे कोण? कयाक शिकवणारी ती कयाकवाली आहे, पण ती सत्तावीस वर्षांची आणि दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालते.

हिने आज केंद्राचं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं. शिवाय सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. मीठ, साखर, ओट्स, सोडा. अकरा वर्षं हिला कधी चिठ्ठी लागली नाही. पण सिस्टिमचं महत्त्व हिलाही शेवटी पटलं म्हणायचं.

जेवताना ही म्हणाली, शुक्रवारच्या व्हॅनने बहिणीकडे जाते. मी तेव्हा टाइमटेबल लॅमिनेट करत होतो. प्लास्टिकमध्ये बुडबुडा राहू नये म्हणून लक्ष तिकडे. हिला विश्रांतीची गरज आहेच.

संकल्प: १) रोज सहाला उठणे. २) मुलांशी मैत्री, पण अंतर राखून. ३) आवाज न चढवणे, त्यासाठीच शिट्टी.

सोमवार, ४ एप्रिल

पहिला ग्रुप आला. अठ्ठावीस मुलं, एक सर. सुरक्षिततेवर भाषण केलं, चाळीस मिनिटं. मुलं अगदी स्तब्ध. एक मुलगी तर खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होती.

संध्याकाळपर्यंत मुलांनी माझं नाव 'शिट्टीकाका' ठेवलं. टोपणनाव आपल्या माणसालाच ठेवतात.

बुधवार, ६ एप्रिल

कयाकिंगचं प्रात्यक्षिक मी स्वतः दाखवलं. कयाक उलटली. मुलांना सांगितलं की उलटल्यावर काय करायचं हे दाखवणं हाच उद्देश होता. काय करायचं ते मात्र दाखवायचं राहिलं, कारण त्याआधीच कयाकवालीने मला लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून बाहेर ओढलं. जरा घाईच केली तिने.

पाणी फार थंड. चार वाजेपर्यंत बोटं बधिर. कप हातात आहे की नाही तेही बघून ठरवावं लागत होतं. हिने स्वयंपाकघरात बोलावलं, म्हणाली, हात दाखवा. मी म्हटलं, काही झालेलं नाही. हिने सुरी उचलली. मग बटाटे सोलायला लागली.

हिच्या दोन बॅगा भरून झाल्यात. शिवाय एक खोकं. विश्रांतीला एवढं सामान लागतं हे माहीत नव्हतं.

शुक्रवार, ८ एप्रिल

ही अकरा वीसच्या व्हॅनने गेली.

मी तेव्हा कड्यावर होतो. दोराने उतरायचा दिवस होता. कयाकवाली म्हणाली, दोर मी सांभाळते, तुम्ही खाली जाऊन या. मी म्हटलं, ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तशी निरोपाची सवय नाही आम्हाला. वरून व्हॅन छान दिसते. पुलापर्यंत दिसते, मग वळण आहे.

त्याच वेळी एक मुलगी कड्याच्या मध्यावर लटकली आणि तिथेच राहिली. वरही येईना, खालीही जाईना. मी ओरडून सांगितलं, खाली बघू नकोस. ती रडत म्हणाली, मग कुठे बघू? नुसता खडक होता समोर. शेवटी कयाकवाली दुसऱ्या दोराने उतरली आणि तिच्याशेजारी जाऊन लटकली. दोघी बोलत बोलत खाली आल्या. काय बोलल्या ते वर ऐकू आलं नाही.

दुपारी ताटं विसळली. अठ्ठावीस अधिक चार. सवयीने पाच म्हणत होतो.

शनिवार, ९ एप्रिल

ग्रुप गेला. अभिप्रायाचे फॉर्म वाचले. 'सगळ्यात काय आवडलं?' या प्रश्नाला सव्वीस जणांनी लिहिलंय: जेवण. 'काय सुधारावं?' याला एकोणीस जणांनी लिहिलंय: शिट्टी. सुधारावं म्हणजे आणखी चांगल्या प्रतीची आणावी, असा अर्थ घेतो.

मधला आठवडा स्वयंपाक मी करीन, असं मोठ्या मॅडमना सांगून टाकलं. तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे फक्त नियोजन. तशी ही पुढच्या शुक्रवारी येईलच.

सोमवार, ११ एप्रिल. सकाळी ५.४०

दुसरा ग्रुप आज येतोय. तीस मुलं, एक ताई. ओट्स लावलेत. नियोजन चोख.

तोच दिवस, ९.१५

ओट्स खाली लागले. वरचे बरे होते, पण वर फारसे नव्हतेच. ग्रुप साडेदहाला येणार, म्हणजे त्यांना काही कळणार नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

सूपमध्ये सोडा पडला. डब्यावर चिठ्ठी होती. घाईत वाचली नाही. पातेलं फसफसून वर आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग ब्रेड खाल्ला. ग्रुपच्या ताईंनी विचारलं, इथे नेहमी स्वयंपाक करतात त्या बाई कुठे आहेत? या ताई मागच्या वर्षीही आल्या होत्या. हिने तेव्हा त्यांना आलं घालून गरम पाणी दिलं होतं, घसा बसला होता म्हणून. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, सुट्टीवर आहे.

जेवणानंतर मोठ्या मॅडमनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता केंद्रप्रमुखपदाचं बोलणार. त्या म्हणाल्या, गुरुवारपासून नवा आचारी येतोय. मी म्हटलं, कशाला उगीच, शुक्रवारी ही येतेच आहे. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, तिने सांगितलं नाही तुम्हाला?

मी म्हटलं, सगळं सांगितलंय.

सगळं म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. टेबलावर एक पत्र होतं, हिच्या अक्षरातलं. त्यावर चष्मा ठेवलेला. मी खिडकीबाहेर बघितलं. वल्ही नीट रचलेली नव्हती, ती जाऊन रचली.

गुरुवार, १४ एप्रिल

इथे फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला, तीही एका पायावर भार दिला तर. बहिणीच्या घरी फोन लावला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, ती कामावर गेलीय. बाजारहाट करायला गेली असेल. दुसऱ्याच्या घरी राहायचं म्हटल्यावर हातभार लावावाच लागतो. हिचा स्वभावच तसा. मी म्हटलं, मी ठीक आहे म्हणून सांगा. मेव्हणी म्हणाली, आणखी काही सांगू? एवढ्यात पाय घसरला आणि रेंज गेली.

पुन्हा लावला नाही. वाऱ्यात कान दुखतात.

नवा आचारी आला. अबोल माणूस. हिच्या चिठ्ठ्या बघून म्हणाला, वा, सगळं लावून ठेवलंय माझ्यासाठी.

शुक्रवार, १५ एप्रिल

व्हॅन आली. व्हॅनवाला एकटाच होता. बटाटे, अंडी, दोन गॅस सिलिंडर. उतरवून घेतले.

हिचा मुक्काम लांबलेला दिसतो. बहिणीचाही आग्रह असणार.

आज काहीच वाटलं नाही. हे चांगलं लक्षण आहे. माणूस सेटल होतो.

सोमवार, १८ एप्रिल

तिसरा ग्रुप आला. एकतीस मुलं, एक सर. आठवडाभर मुलांना जिंकून घ्यायचंय. मोठ्या मॅडम येत्या शनिवारी नव्या केंद्रप्रमुखाचं नाव जाहीर करणार, असं ऐकलंय. बुधवारी 'कासव' बेटाची सफर मी एकट्याने नेतो म्हणून सांगितलं. कासव म्हणजे किनाऱ्यापासून पाचशे पावलांवरचा मोठा खडक. ओहोटीला चालत जाता येतं. नेतृत्व काय असतं ते मॅडमना दिसू दे एकदा.

बुधवार, २० एप्रिल. संध्याकाळी ६

आधी हे लिहून ठेवतो की कुणालाही काहीही झालेलं नाही.

बारा मुलं घेऊन नऊ वाजता कासवावर गेलो. टाइमटेबलप्रमाणे भरती दीडला सुरू व्हायची होती. अकराला मुली म्हणाल्या, काका, वाटेवर पाणी आलं. मी म्हटलं, ते ओलसर वाळूवर ऊन चमकतं. साडेअकराला वाट नव्हती.

टाइमटेबल टाइप करताना भरतीच्या वेळा मी गेल्या वर्षीच्या पुस्तकातून घेतल्या होत्या. लॅमिनेशन मात्र उत्तम झालंय, पाण्यात पडूनही अक्षर पुसलं नाही.

शिट्टी वाजवली. वारा उलटा. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. वॉकीटॉकी मी ऑफिसात चार्जिंगला लावून आलो होतो. मुलांना खडकाच्या वरच्या भागात एकमेकांना चिकटून बसवलं. एकदोघी रडल्या. मी त्यांना पेंग्विनांबद्दल माहिती सांगायला लागलो, तर एक दाढी फुटू लागलेला मुलगा म्हणाला, काका, प्लीज, गप्प बसा ना थोडं. गप्प बसलो.

पाय गार पडले, मग कळेनासे झाले. शेजारी एक चष्मेवाली मुलगी बसली होती. तिने सहज विचारलं, काका, तुम्ही इथेच राहता? कंटाळा नाही येत? घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी आणि बायको. मग म्हटलं, बायको गेली. ती म्हणाली, सॉरी, कशाने गेल्या? मी म्हटलं, व्हॅनने.

दोघं-तिघं हसले. चष्मेवाली हसली नाही. म्हणाली, येणार आहेत का परत? मी म्हटलं, विचारलं नाही.

ती म्हणाली, का?

तेवढ्यात कयाकवाली बोट घेऊन आली. तिला यादीत बारा नावं परत आलेली दिसली नाहीत म्हणून ती स्वतःच निघाली होती. सहा-सहा करून मुलांना नेलं, शेवटी मला. तिने वाटेत ब्लँकेट दिलं.

गुरुवार, २१ एप्रिल

मोठ्या मॅडमनी बोलावलं. यापुढे मी मुलांना घेऊन बाहेर जायचं नाही. वाळवणाची खोली माझ्याकडे, म्हणजे ओले वेटसूट, ओले बूट, वाळवणं, जोड्या लावणं. ही कामं आजवर कुणी पद्धतशीर केलेली नाहीत, तेव्हा मला वाव आहे.

नवी केंद्रप्रमुख कयाकवाली. शनिवारची वाट न बघता आजच सांगितलं. मी तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, तुमची मदत लागेल. तिच्या पायात आज दोन्ही मोजे निळे होते. तात्पुरती नेमणूक असणार.

शुक्रवार, २२ एप्रिल

व्हॅनमधून ही उतरली.

मी वाळवणाच्या खोलीत होतो. व्हॅनवाल्याने येऊन सांगितलं, वहिनी आल्यात. मी हातातला बूट ठेवला. मग त्याची जोडी शोधली, ती ठेवली. मग गेलो.

ही आमच्या खोलीत शिलाई मशीनवर चादर गुंडाळत होती. केस कापलेत. बरी दिसत होती. मी म्हटलं, आलीस? म्हणाली, मशीन न्यायला आलेय. एका शाळेच्या वसतिगृहात लागलेय स्वयंपाकाला. अकरा तारखेपासून. राहायला खोली दिलीय.

मी म्हटलं, मला कुणी काही बोललं नाही.

ही म्हणाली, अहो, मी बोलले. तीन वेळा बोलले. डिसेंबरात एकदा, फेब्रुवारीत एकदा, आणि जायच्या आधी त्या रविवारी. मला इथे एकटं वाटतं, तुम्ही समोर असता तेव्हा जास्त वाटतं, मी आता जाते, असं स्वच्छ बोलले. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, बरं.

हिचा आवाज चढला नव्हता. आठवून बघितलं. डिसेंबरात मी दोर तपासत होतो. फेब्रुवारीचं आठवत नाही.

मी विचारलं, किती मुलं आहेत तिथे? म्हणाली, एकशेचाळीस. हाताखाली दोघीजणी आहेत. ओट्याच्या समोर मोठी खिडकी आहे, मुलं मैदानात खेळताना दिसतात. एक लहान मुलगी रोज येऊन विचारते, आज काय आहे, आणि रोज सांगते, मला ते आवडत नाही, आणि दोनदा घेते. हे सांगताना ही हसली. दहा मिनिटं तरी बोलत होती. अकरा वर्षांत हिला एवढं सलग बोलताना ऐकल्याचं स्मरत नाही. बोलली असेल.

मग मी विचारलं, परत येणार का?

ही म्हणाली, नाही.

विचारायला एवढासा वेळ लागतो.

मशीन मी आणि व्हॅनवाल्याने उचललं. जड आहे, बिडाचं. ही पुढे बसली. काच खाली करून म्हणाली, जेवत जा वेळेवर. मी म्हणालो

म्हणालो, बरं.

व्हॅन गेली. या वेळी रस्त्यावरच उभा होतो. खालून पूल दिसत नाही, लगेच झाडं लागतात.

एकतीस मुलांचे बासष्ट बूट होते. लेस सैल करून, जिभा बाहेर काढून, जोड्या लावून मांडले. साडेसातला कयाकवाली दारात आली, म्हणाली, जेवायला येताय ना, सगळे बसलेत. मी म्हटलं, झालं माझं जेवण.

जेवलो नव्हतो.