जवायाच्या नदीची लाइट

अनसिंग

जवाईबापू धम्मरत्न यायले,

देवमन मामाजीचा मनापासून जय भीम. इकडं आमी ठीक हाव. तुमी दोघंही बरे असान. (पौर्णिमाचे पाय सुजतात म्हने, तिले लय वेळ उभी राहू देऊ नका.)

आता रागाचं आयका. उन्हाळ्यात आलो तवा तुमी मले नदीवरचं तुमचं जुनं पावरहाउस दाखवलं. धरनाचं पानी मोठ्या पायपातून खाली येते, चाक फिरवते, चाकासंग जनित्र फिरते, अन् लाइट टावरच्या तारीवरून निंघते. मंग सबस्टेशनात तिचा जोर कमी करून घरोघर देतात. माह्याहून म्हातारी मशीन, पन अजून फिरून राह्यली! मले लय अभिमान वाटला. तो मी गावभर वाटला, पेढ्यासारखा.

वर्षावासाच्या कार्यक्रमात मले माइक देला. "हा बल्ब माह्या जवायाच्या नदीवर जळते," एवढं म्हनलो, अन् बल्ब, पंखा, माइक, सगळं गप! अंधारातून आमची शेजारीन मनकर्णाबाई वरडली, "देवमनभाऊ, जवाई झोपले का पाहा!" सारा विहार हासला. (भन्तेजीही. मी आवाज ओळखतो.)

सकाळी गिरनी बंद. मनकर्णाबाईनं ज्वारीचं अर्धवट दळन माह्या ओट्यावर आनून आदळलं, म्हने लावा फोन. लावला. तं तुमी काय म्हनलं? "मामाजी, साऱ्या केंद्रायची लाइट एकाच जाळ्यात मिसळते. आमची कोनाच्या घरी गेली, मले काय ठाव?" अन् फोन स्पीकरवर! अहो, मी पोरगी देली तवा घरदार, मानसं, सगळं पाहून देली. तुमी रोज एवढी लाइट धाडता, अन् कोनाच्या घरी गेली हे इचारतही नाई?

मंग लाइनमन आला, तारीवर पडलेली निंबाची फांदी तोडली, लाइट आली. गावानं त्याले चहा पाजला. म्हनजे आली तं लाइनमनची, गेली तं माह्या जवायाची! हा कुठला न्याय?

तुमचा (अजून तरी) मामाजी,
देवमन

ता. क. तुमच्या सासूबाई म्हनतात, खरं काम लिहा. पौर्णिमाले सातवा सरला. पहिलं बाळंतपन माहेरी होते. मशीनच्या दुरुस्तीपायी सुट्टी नाई म्हनता, पन तुमी जन्माले याच्या आधीही ती फिरतच होती. पोरीले आनून सोडा. तिची माय बेबी रोज तिची खोली झाडून राह्यली, अन् झाडता झाडता रडून राह्यली.

ता. क. दुसरा. गावात कोनी इचारलं तं पोस्टात लागलो म्हना. मी तसंच सांगून ठेवलं. (मनकर्णाबाई आतापासूनच ओट्यावर बसली हाय. लेकाले धाडलेलं पापडाचं पार्सल कुठं अडकलं, इचारून राह्यली.)