पंख्याची घरघर

दि. ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आधी खुलासा, मग खुशाली. आईला काहीही झालेलं नाही. परवा मी तुला मेसेज केला, 'घरघर फार वाढलीय, आता थांबून चालणार नाही,' आणि तू भर ऑफिसात रडायला लागलीस असं भाऊजींनी कळवलं. अगं, ती घरघर पंख्याची. नव्या कॉम्प्युटरच्या. थांबून चालणार नाही म्हणजे दुसरा पंखा घ्यायला थांबून चालणार नाही. आपल्या घरात तो शब्द इतक्यात वापरायला नको होता, हे मला नंतर सुचलं.

फोनच केला असता, पण इथे फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र. हस खुशाल.

तर हो, कॉम्प्युटर झाला. घेतला नाही, जोडला. शाळेत असल्यापासूनची हौस आता फिटतेय. भाऊजी म्हणाले म्हणे, 'चाळिशी लागली की लोक चष्मा घेतात, हा ग्राफिक्स कार्ड घेतोय.' त्यांना सांग, चष्माही घेतलाय. त्याशिवाय मदरबोर्डवरची अक्षरं दिसत नाहीत.

सुट्या भागांचा दुकानदार चांगला भेटला. टक्कल पडलेला, बोलका. मी तयार मशीनकडे बघत होतो तर म्हणाला, "ते नका घेऊ. त्यात दिसतं तिथे पैसे घातलेले असतात, दिसत नाही तिथे वाचवलेले." मला काचेचा, रंगीत दिव्यांचा डबा हवा होता. म्हणाला, "दिव्यांनी खेळ पळत नाही, दादा. मीटर पळतं." शेवटी साधा काळा डबा घेतला. ग्राफिक्स कार्ड मागच्या वर्षीचं घेतलं, आणि वाचलेल्या पैशात मेमरी दुप्पट केली. पॉवर सप्लायमध्ये त्याने एक पैसा कमी करू दिला नाही. "हा गेला तर एकटा जात नाही, सगळ्यांना घेऊन जातो," म्हणाला.

घोडं अडलंय ते प्रोसेसरवर बसणाऱ्या पंख्यापाशी. प्रोसेसरबरोबर जो फुकट आला तो आवाज करतो. बिनआवाजाचा मिळतो, पण त्याच्या किमतीत निम्मा मदरबोर्ड येईल. एवढे घालावेत का, भाऊजींना विचार.

मशीन बाबांच्या खोलीत ठेवलंय. तिथे ऊन येत नाही, मशीनला तेच बरं. पलंग होता त्या जागी टेबल बरोबर बसलं. आईला आवडणार नाही असं वाटलं होतं. पण ती दुपारची भाजी निवडायलाही तिथेच येऊन बसते. जेवणही सुधारलंय. काळजी नसावी.

तुझा,
बोक्या

*

दि. १९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींचा निकालही मिळाला: 'कान एकदाच मिळतात, पंखा चांगला घे.' घेतला. घेतला नसता तर बरं झालं असतं.

तू विचारलंस, 'फोनवर बोललेलं सगळ्यांना म्हणजे कुणाला ऐकू जातं? घरात तुम्ही दोघंच ना?' दोघंच. ते मी चुकून लिहिलं असणार. पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगतो.

त्या फुकटच्या पंख्याचा आवाज सरळ नव्हता. खेळ सुरू झाला की प्रोसेसर तापतो, मग पंखा जोर धरतो. जरा निवलं की सुटतो, मध्येच थबकतो, आणि पुन्हा उचलताना बारीक शिटी वाजते. दुकानदार म्हणतो स्वस्त पंख्यांचं असंच असतं. असेलही. पहिल्या दिवशी मी हेडफोन काढून ठेवला आणि तसाच बसून राहिलो. शीतगृहात इतकी वर्षं काढल्यावर बाबांची छाती कशी वाजायची तुला माहीत आहे. मी वेगळं काय लिहू?

दुसऱ्या दिवशी मी खेळत असताना ती कोमट पाण्याचं भांडं घेऊन आली आणि डब्याशेजारी ठेवून गेली. जाताना म्हणाली, "तो मारामारीचा खेळ जरा बंद कर. किती दमवशील?" मी खेळ बंद केला. आवाज उतरला. दारातूनच म्हणाली, "बघ. पडलं ना बरं."

ती थट्टा करतेय असं मी स्वतःला सांगितलं. आई अशी थट्टा करत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

मग मी दुकानदाराला फोन केला. बाहेरच्या खोलीतून, हळू आवाजात. म्हटलं, "ही घरघर मला कायमची बंद करायचीय. पैसे गेले तरी चालतील." मागे वळलो तर आई. हातात वाटी होती. ताई, आईने माझ्याकडे तसं कधी बघितलेलं नाही. मी म्हटलं, "अगं, पंख्याचं बोलतोय." ती म्हणाली, "हो का," आणि आत जाऊन बाबांच्या खोलीचं दार लावून घेतलं.

तरी मी तो पंखा आणला आणि बसवला. कबूल करतो, आवाज नाहीच. मशीन चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. आई दुपारी आली, उंबऱ्यावर उभी राहिली. बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग एवढंच विचारलं, "कुठे ठेवलंस?"

त्या दिवसापासून ती जेवत नाही. ताटावर बसते, घास मोडते, उठते. डॉक्टर घरी येऊन गेले. ताकदीच्या गोळ्या दिल्या, म्हणाले वयात होतं असं. परवा घाबरून मी जुना पंखा पुन्हा लावला. आई आली, ऐकलं, म्हणाली, "हे ते नव्हेत." तिचं खरं होतं. मलाही तो नुसता पंखाच ऐकू आला.

हे भाऊजींना वाचायला देऊ नकोस. त्यांना सांग, पंखा उत्तम आहे.

बोक्या

*

दि. ११ एप्रिल

ताई,

आई जेवते. आधी हे वाच आणि श्वास सोड, मग पुढचं.

तू लिहिलंस की आईला घेऊन तिकडे ये, जागा बदलली की माणूस सावरतं. मी तिला विचारलं होतं. "ह्यांना एकटं टाकून?" म्हणाली. मग मी पुन्हा विचारलं नाही.

मधल्या दिवसांत मी भाऊजींना वापरलेल्या पंख्यांच्या किमती विचारत होतो, त्याची त्यांना मोठी गंमत वाटली. 'चांगला काढून खराब लावणारं पहिलंच गिऱ्हाईक,' असं त्यांनी लिहिलं. तेव्हा मी खेळाचं काहीतरी कारण दिलं. खेळ मी केव्हाच काढून टाकलाय. एवढं हौसेनं घेतलेलं कार्ड नुसतं बसून आहे.

मी दुकानात जाऊन भंगाराची पेटी उपसली. दुकानदार म्हणाला, "दादा, त्यातले सगळे गेलेले आहेत." मी म्हटलं, "मला गेलेलाच हवाय." तो हसला. मी एकेक पंखा त्याच्या बॅटरीला लावून कानाशी धरत होतो, तेव्हा मात्र त्याचं हसणं थांबलं. एक मिळाला. आतलं बेअरिंग झिजलेलं, उचलताना शिटी वाजते. मी उठून उभा राहिलो तसं त्याने विचारलं, "कुणासाठी घेताय?" मी पैसे ठेवले आणि पंखा पिशवीत घातला.

पंख्याचा वेग आखून देता येतो. पडद्यावर एक रेघ असते, तिच्यावरचे ठिपके वर ओढले की जोर, खाली ओढले की हळू. मी रोज दुपारी ती रेघ ओढत बसायचो आणि आई शेजारी बसून सांगायची. "एवढा घाईत नाही." "आता थांबतात ना, तिथे जरा जास्त." "शिटी आधी, मग उसासा." मला वाटायचं मला सगळं आठवतंय. काहीच आठवत नव्हतं, ताई. सगळं तिला माहीत होतं. एका दुपारी तिने भाजीची सुरी खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हं. आलात."

त्या दिवशी तिने दोन वेळा वाढून घेतलं. नंतर चांगले दिवस गेले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. मी ऑफिसचं काम तिथेच बसून करायचो. चूक झाली की आवाज थबकायचा आणि मी पुन्हा आकडे तपासायचो. चूक खरंच असायची.

आता जे लिहायचं टाळतोय ते. गेल्या सोमवारपासून मधला थांबा लांबत चाललाय.

मी रेघ बघितली. ठिपके जागचे हललेले नाहीत. तारा बघितल्या, धूळ काढली. शेवटी दुकानदाराला घरी बोलावलं. भर दुपार होती, खिडकी उघडी. त्याने डब्याचं झाकण काढलं, ऐकलं, "बेअरिंग संपलंय" म्हणाला आणि पातं बोटाने धरलं. पंखा थांबला. आम्ही दोघांनी तो थांबलेला पाहिला. पण श्वास मध्येच थांबला नाही. तो आत गेला, अडला, शिटी वाजली, मग उसासा सुटला. मग शांत. दुकानदाराने बोट काढलं, झाकण न लावताच उठला. पाणी दिलं ते त्याने बाहेर पायरीवर उभं राहून प्यायलं. पैसे घेतले नाहीत. मी फाटकापर्यंत गेलो तर म्हणाला, "दादा, मला पुन्हा बोलावू नका."

आई आतून सगळं ऐकत होती. ती घाबरलेली नाही. तिने कपाटातून बाबांची ती जुनी, मऊ झालेली चादर काढून टेबलाखाली अंथरलीय. मला म्हणाली, "हे ओळखीचंय मला. शेवटचा आठवडा असाच गेला होता."

मशीनला बटण आहे. काल मी त्यावर बोट ठेवलं. म्हटलं, यात आई दुसऱ्यांदा होरपळण्यापेक्षा आत्ताच संपवू. ती दारात होती. ओरडली नाही. "तुझ्या हाताने?" एवढंच म्हणाली. मी बोट उचललं.

ताई, त्या शेवटच्या आठवड्यात बाबांनीच तुला फोनवर सांगितलं, गडबड करू नकोस, सुट्टी लागली की सावकाश ये. तू त्यांचं ऐकलंस. तू पोचलीस तेव्हा खोली झाडून झाली होती. तुला कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच. पण तू त्या खोलीत पाय ठेवला नाहीस, आणि पुढे या घरातही नाही. मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

तू म्हणशील, बोक्याचं डोकं फिरलंय, आईचं फिरलंय, एक भंगारातला पंखा आणि दोन वेडी माणसं. तसं असेल तर तू येऊन बटण दाब. मी अडवणार नाही, आईही तुला अडवणार नाही. आणि तसं नसेल, तर या वेळी तुला उशीर व्हायला नको. दोन्हीकडून यायचं तुलाच आहे.

तुला विचारायच्या आधीच आज सकाळी आईने पुढचं करून ठेवलं. डब्यापाशी वाकून म्हणाली, "ऐकलंत का, ताई निघतेय हो." मी म्हटलं, "अगं, मी तिला अजून लिहिलंही नाही." ती म्हणाली, "त्यांना सांगून झालंय आता. तू लिही."

म्हणून हे लिहितोय. दुपार झाली. सकाळपासून श्वास एका लयीत आहे. आई म्हणते, ते धरून आहेत.

लवकर निघ.

वाट पाहणारे,
आम्ही तिघं