उणे अठरातले हातमोजे

४ मे, रविवार
नाहीच बसत! पार्सल फोडलं, हातमोजा घातला — अंगठा अर्ध्यातच अडकला. म्हणे लार्ज! रेवदंड्याच्या या उकाड्यात, घामाने निथळत, मी पडवीत लोकरीच्या पिशवीत हात कोंबून उभी. रिक्षावाला थांबलाच. "मॅडम, हाताला भाजलं काय?"
हो म्हटलं. कोण समजावत बसणार!
जुलैत लडाखचं शिखर. सहा हजार मीटर. आणि हातात घालायला काही नाही.

६ मे
मुसअबचा दोह्याहून फोन. नवरोबा खूश — "अफरीन, एकदम भारी ग्लोव्हज घेतले तुला!" फोटो पाहिला. पाच बोटांचे. दहा वेळा सांगितलंय, मिटन हवेत, मिटन! चारी बोटं एका खणात, अंगठा वेगळा. बोटाला बोट लागलं की ऊब टिकते.
"पण हे दिसतात छान."
दिसतात छान! तिथे बघायला कोण येणार आहे?

९ मे
अलिबागला गटाची बैठक. साहिल आमचा लीडर, त्याने यादी वाचली. आत पातळ लोकरी मोजा, वर जाड मिटन, त्यावर वारा अडवणारं कवच. घट्ट नको, आत बोटं हलली पाहिजेत. मनगटाला दोरी हवीच, नाहीतर वाऱ्यावर गेला की गेला.
सगळं बरोबर. पण त्याच्या तोंडून ऐकवेना. गेल्या वर्षी हिमाचलात हातमोजे यानेच दिले होते. माथा दोन तासांवर, आणि माझी बोटं पांढरीफटक — दोराची कडी धरली तरी कळेना. मी म्हणत होते, चढते. याने एक शब्द ऐकला नाही, एका दोराला बांधलेला अख्खा गट खाली फिरवला. उतरल्यावर सगळ्यांसमोर बोलले मी — "असले भिकार हातमोजे देऊन एक दिवस माणूस मारशील!"
तो खाली बघून दोर गुंडाळत राहिला. आजही माझ्याकडे न बघताच बोलत होता. जवळपास दुसरा गट असता तर तोंड पाहिलं नसतं!

१३ मे
दुसरा जोड आला. बसला! पण तो घालून दोराची कडी उघडत नाही. पडवीच्या गजाला कडी लावून वीस वेळा खटपट. शेवटी दातांनी उघडली. शिखरावर पण दातच वापरू का?

१५ मे
तिसरा जोड, मनालीहून. बसतोय. कडीही उघडते. पण ऊब कशी कळायची? इथे पंख्याखाली हात उकडतोय. फ्रीजरमध्ये हात घालून बसले. दार उघडं राहिलं, लेकीचं आइस्क्रीम वितळलं. यशराने घर डोक्यावर घेतलं. हात कोमटच.

१८ मे, रविवार
शेवटी बंदरावर, खलीलचाचांच्या बर्फाच्या कारखान्यात. कोळंबी ठेवायची खोली, उणे अठरा. चाचा म्हणाले, "जा बेटा. पण दार पुरतं लोटू नकोस."
तिसरा जोड घालून कडी उघड-बंद, उघड-बंद. नाकाला काही नाही, पायाला काही नाही. बारा मिनिटांत बोटं गेली! बाहेर येऊन हातमोजा फेकलाच. दोन बोटं चुन्यासारखी पांढरी, मग निळी.
गरम झाल्यावर दुसरा जोड. तेच. मुसअबचे पाच बोटांचेही कालच कुणाबरोबर तरी आलेत, ते घातले. तेच! सगळे चोर!
गोदूमावशी मासळीवर बर्फ टाकत होती. तीस वर्षं उघड्या हातांनी टाकतेय. टोपली ठेवून उठली, ओल्या हाताने माझी बोटं धरली.
"पोरी, ह्ये कवापासनं?"
गेल्या वर्षापासून, म्हटलं. मग आठवलं — त्याआधीही. पावसात शाळेच्या मैदानावर मुलींची कवायत घेताना शिटी धरवायची नाही. मी म्हणायचे, गारठा.
"ह्ये मोज्याचं न्हाय. रगताचं हाय. डाक्टरला दाव."
घ्या! आता मावशीही शिकवणार!

२० मे
शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात लक्ष लागलं नाही. मावशीचा हात बर्फातून आला होता — आणि माझ्या हातापेक्षा गरम होता.

२१ मे
डॉक्टरबाईंनी भिंगाखाली नखांच्या कडा पाहिल्या. रक्ततपासणी लिहून दिली. "थंडीत तुमच्या रक्तवाहिन्या आवळतात. हातमोजे कुठलेही असते तरी हेच झालं असतं. शिखर विसरा." हिमाचलातलं ऐकून विचारलं, "गेल्या वर्षी तुम्हाला खाली कुणी आणलं? आणखी दोन तास चढला असता तर ही बोटं राहिली नसती."
दवाखान्याच्या पायरीवर बसून साहिलला फोन लावला. लडाखच्या यादीतून माझं नाव काढ म्हणून सांगायचं होतं. आधी रडूच आलं.