बारा दगड आणि खरबे

३ तारीख, सकाळी ७
रिटायर होऊन चौथा महिना. आजपासून रोजनिशी. किनाऱ्याचा सर्व्हे करणाऱ्या बाईंनी मला खडकातलं एक डबकं नेमून दिलंय. त्यात बारा दगड. ओहोटीला एकेक दगड उचलायचा, खालचे खरबे मोजायचे, दगड होता तसा ठेवायचा. खरबा म्हणजे बोटाएवढा, मातकट, तळाशी बसून राहणारा मासा. बाईंनी फॉर्म दिला. वाचला नाही. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय, मोजणी काय शिकायची!
मोजणी १९.

५ तारीख
१९. दगडांखाली घाण फार. पांढुरके दाणे दाटीनं चिकटलेत. एक खरबा हलेचना, उलट माझ्या बोटाला धडका मारत होता. उद्धट.

६ तारीख
जुना टूथब्रश नेला. सहा दगड लख्ख.

८ तारीख
ही मुलीकडे गेली त्याला सात आठवडे झाले. मी स्वयंपाकघरातले डबे नंबर टाकून लावले, त्याचा याच्याशी संबंध नाही. फोनवर खरब्यांचं सांगितलं. तर म्हणाली, तुम्हाला नुसतं बघत बसता येत नाही का? थट्टा करते. सर्व्हेत माझं नाव झालं की येईलच.

९ तारीख
उरलेले सहाही लख्ख. मोजणी ११. साफसफाईत स्टाफ इकडेतिकडे होतोच.

१२ तारीख
४. समुद्रात काहीतरी बिघाड आहे.

१४ तारीख
०. बाई परवा पाहणीला येणार. दगडांवर ऑइलपेंटने नंबर टाकले. शिस्त दिसली पाहिजे.

१६ तारीख
बाई आल्या. एक दगड उलटा करून खालून बोट फिरवलं. मग विचारलं, इथे पांढरे दाणे होते का? म्हटलं, होते तर, सगळे खरवडून काढले. त्या म्हणाल्या, काका, ती अंडी होती. पिल्लं निघेपर्यंत नर तिथंच राखण करत बसतो.
म्हटलं, हे फॉर्मवर छापायला हवं होतं.
त्यांनी फॉर्म दाखवला. छापलं होतं. चौथी ओळ, ठळक अक्षरात.

१७ तारीख
ओहोटी होती. गेलो नाही.
संध्याकाळी हिचा फोन. सगळं सांगून टाकलं. तिनं विचारलं, जेवलात का? हो म्हटलं. जेवलो नव्हतो. ती म्हणाली, मुक्काम वाढवतेय. बरं म्हटलं.
किती, ते विचारायचं राहून गेलं.